पहिली बादली

मित्रांनो, वारा येतो त्या बाजूला सरकून बसा, नाहीतर धूर तुमच्या डोळ्यांत जाईल आणि तुम्ही बोल मात्र मला लावाल. मी एक जुना तांब्याचा बंब आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी बंब पाहिलाही नसेल. माझ्या पोटात मधोमध एक उभा नळा आहे, त्यात जाळ करतात. नळ्याभोवती पाणी असतं. खाली राख पडायला जाळी आणि पुढे पितळी तोटी. एवढाच माझा संसार. बटण नाही, वायर नाही. कोणीतरी उठून पेटवल्याशिवाय मी तापत नाही, आणि सगळी गोष्ट त्या ‘कोणीतरी’चीच आहे.

मी जन्मलो अकोटला. तिथे इनायतुल्ला चाचांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. चाचा पत्र्याला हातोडीने गोलाई देत, मग सांध्यांना डाख भरत, म्हणजे धातू वितळवून ते बंद करत. माझ्या अंगावर त्यांच्या हातोडीच्या खुणा अजून आहेत. गिऱ्हाईक आलं की ते माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, “पहले पानी, फिर आग. कोरडा पेटवला तर याचे सांधे सुटतात, मग माझ्याकडे रडत येऊ नका.” चाचा गोड बोलणाऱ्यांतले नव्हते, पण त्यांचं भांडं गळत नसे.

मी पहिल्यांदा गेलो तो अकोटच्याच एका भरल्या घरात. तिथे मी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं खाल्ली, तुराट्या खाल्ल्या, पोळ्याला आणि दिवाळीला चिंच लावून घासून घेतलं. पाहुणे म्हणायचे, काय लख्ख बंब आहे. मी फुगून जायचो. पण त्या घरात एक गोष्ट मला उशिरा कळली. मला पेटवणारी होती घरातली थोरली सून. ती सगळ्यांच्या आधी उठे, आणि आंघोळ मात्र सगळ्यांच्या शेवटी करी. तोवर माझा जाळ विझलेला आणि पाणी गार. इतकी वर्षं तिने मला पेटवलं, पण माझं कडक पाणी तिच्या अंगावर कधी पडलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. अजून वाटतं.

पुढे त्या घरात गिझर आला आणि मी मोडीत निघालो. गंमत म्हणजे मोड गेली इनायतुल्ला चाचांच्याच दुकानात. चाचा तेव्हा थकले होते. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला, आपल्या हातोडीच्या खुणा ओळखल्या आणि म्हणाले, “याला तोडायचं नाही.” पण ठेवायचं कुठे, हेही त्यांनी ठरवलं नाही. मग मी दुकानाच्या कोपऱ्यात पोत्यांखाली पडून राहिलो. अंगावर हिरवा गंज चढला. माझ्या नळ्यात एका मांजरीने पिल्लं घातली. ती तेवढी बरी सोबत होती.

तिथून मला उचललं आबेदाने. आबेदा ही चाचांची मुलगी. तिने आणि तिच्या नवऱ्याने, हसनैनने, चिखलदऱ्याला जागा भाड्याने घेऊन फॅमिली कॅम्प सुरू केला होता. फाटकावर पाटी, ‘फक्त कुटुंबांसाठी’. जाहिरातीत गरम पाणी लिहून बसले होते, आणि डोंगरावरची वीज कधी दगा देईल याचा नेम नाही. आबेदाने मला घासलं, आंघोळीच्या खोल्यांसमोर दगडांवर मांडलं, आणि घाटाखालून येणाऱ्या गाडीतून पऱ्हाटीचे भारे मागवायला लागली. जंगलातलं लाकूड तोडायचं नाही, हा तिचा नियम.

आता या कॅम्पबद्दल माझं मत सांगतो. मी तिथे रोज उभा असतो, तेव्हा मला बोलायचा अधिकार आहे. जाहिरातीतल्या फोटोत एक तंबू, एक दरी आणि एक कप कॉफी असते. प्रत्यक्षात दरी आहे, कॉफीही चांगली आहे, पण तंबू एवढे खेटून की एकाच्या दोऱ्या दुसऱ्याच्या दोऱ्यांत जातात आणि येणारा-जाणारा अडखळतो. कापडाला कान नसतील, पण त्याच्याआड लपत काहीच नाही. कोण घोरतो, कोणाचं कशावरून भांडण झालं, सगळं सगळ्यांना ठाऊक. संध्याकाळी शेकोटीपाशी हसनैन माईक घेतो. माईक हातात आला की तो आवरत नाही. शांततेसाठी डोंगरावर आलेल्या माणसाने मग कानात बोटं घालावीत. चूल मांडायची नाही, बाहेरचं शिजवायचं नाही, असले नियमही फार. आणि सकाळी माझ्यासमोर बादल्यांची ही रांग.

पण चांगलं आहे ते चांगलं म्हणायलाच हवं. न्हाणीघराच्या वाटेवर दिवे आहेत, कुंपण आहे, त्यामुळे बायका एकट्या बिनधास्त ये-जा करतात. एका तंबूतलं लेकरू दुसऱ्या तंबूतल्या लेकराला घटकाभरात मित्र करतं आणि आईबापांना विसरतं. म्हाताऱ्यांना दूर चालावं लागत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बाईमाणसाला तिथे आयतं ताट मिळतं. पहिल्या जेवणाला कितीतरी जणी ताटावर बसून इकडेतिकडे बघत राहतात. कोणाला काय हवं नको ते बघायचं नसतं, हेच त्यांना पचत नाही.

नाताळच्या सुट्टीत असंच एक कुटुंब आलं. नत्थुजी, त्यांची बायको मैनाबाई आणि मुलगी चंदा. नांदगाव खंडेश्वरची शेतकरी माणसं. चंदा अकोल्याला दवाखान्यात नर्स होती. गाडीतून उतरल्याबरोबर ती आबेदाला बाजूला घेऊन माझ्यापाशीच उभी राहिली, म्हणून मी सगळं ऐकलं.

“ताई, एकच सांगून ठेवतो,” चंदा म्हणाली. वऱ्हाडात पोरीबाळीही ‘सांगतो’च म्हणतात. “माह्या मायच्या हातायचे सांधे थंडीत आखडतात. डॉक्टरनं गरम पान्यानं आंघोळ सांगतली. मी घरी गिझर लावून देला. तरी ती सगळ्यायले आधी पाठवते, अन् तिचा नंबर येईपर्यंत लाईन जाते. येथ दोन सकाळी आहेत. येथ तरी पयली बादली तिची पायजे.”

“मिळेल,” आबेदा म्हणाली. “मी स्वतः भरून देईन.”

मी मनात म्हटलं, पोरी, तू फार सोपं समजतेस. मी असल्या बायका ओळखून आहे.

नत्थुजींना तर तंबू बघूनच हसू आलं होतं. ते वाकून आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, “आमी डुकराच्या धाकानं वावरात जागलीले झोपतो, तेथ कोनी पैसे मांगत नाही. येथ पैसे देऊन जमिनीवर झोपाव काहून?”

“तेथ मी भाकर घेऊन येतो, बाबा,” मैनाबाई म्हणाल्या. नवऱ्याला ‘बाबा’ म्हणायची त्यांची सवय होती, पोरीचं ऐकून ऐकून लागलेली. “येथ कोनीतरी मले देऊन राहिलं. पाहू तरी कसं लागते.” त्या हसून बोलल्या, पण चपला काढून ठेवताना त्यांची बोटं वळत नव्हती, ते मी पाहिलं.

पहिली सकाळ उजाडली आणि व्हायचं तेच झालं. आबेदा येऊन बघते तो मैनाबाई आधीच माझ्यासमोर उकिडव्या बसलेल्या. माझ्यात पाणी भरलेलं, पऱ्हाटीचे तुकडे सारख्या लांबीचे मोडून ठेवलेले, राख काढलेली. इतकी व्यवस्थित माझी सेवा कोणी फार वर्षांत केली नव्हती. दुसरा असता तर खूश झाला असता. मी मात्र तापताना मनातून चडफडत होतो.

“मावशी, रेहने दो, मी करते,” आबेदा म्हणाली.

“झोपच येत नाही बाई. बसून काय करू?”

पाणी तापलं. पहिली बादली मैनाबाईंची होती, रांगेत सगळ्यांच्या पुढे मांडलेली. तेवढ्यात शेजारच्या तंबूतली माधवी आली, अमरावतीची, कडेवर कुडकुडणारं लेकरू. मैनाबाईंनी आपली बादली तिला भरून दिली. मग एका आजोबांना खोकला झाला होता, त्यांना दिली. मग कोणाला लवकर निघायचं होतं. मग नत्थुजींची वेळ झाली, ते तर घरचेच. चंदा जाग येऊन धावत आली तेव्हा माझा जाळ बसला होता, भारा संपला होता, आणि मैनाबाई माझ्या तळाशी उरलेलं पाणी तोटीखाली हात धरून अंदाजत होत्या.

“माय,” चंदा म्हणाली.

“अवं, कोमट आहे. चांगलं कोमट आहे.”

ते कोमट नव्हतं. माझ्याहून ते कोणाला जास्त माहीत असणार? मला त्या क्षणी तोंड असतं तर मी खोटं पाडलं असतं त्यांना.

त्या दिवशी सगळे पॉइंट बघायला गेले, पण चंदाचं तोंड उतरलेलंच होतं. परत आल्यावर ती आबेदाला म्हणाली, “उद्या मी पहाटीच बंबापाशी बसतो. कोनालेच हात लावू देत नाही.” पण उद्या तिने रांग अडवून धरली असती, तरी मैनाबाईंनी हातातली बादली कोणाला दिली नसती कशावरून? बादली तिच्या हातात द्यायला पोर होती. तिच्याकडून घेणारं मात्र आख्खं जग होतं.

संध्याकाळी शेकोटी पेटली आणि हसनैनने माईक घेतला. मी कपाळाला हात लावला असता, हात असता तर. त्या दिवशीचा खेळ नवराबायकोंचा होता. बायकोने आपलं उत्तर आबेदाच्या कानात सांगायचं, मग नवऱ्याने माईकवर तेच ओळखायचं. एकाला बायकोची आवडती भाजी ओळखता आली नाही, एकाने रंग चुकवला, लोक पोट धरून हसत होते. चंदाने नत्थुजींना पुढे ढकललं. नको नको म्हणत ते मैनाबाईंसोबत उभे राहिले. प्रश्न आबेदाने काढला. मुद्दाम काढला की सहज, हे मला आजवर कळलेलं नाही.

“काका,” हसनैनने विचारलं, “मावशीला आंघोळीला पाणी कसं आवडतं? थंड, कोमट की कडक?”

नत्थुजी खुलले. इतकं सोपं येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. “थंडं,” ते ऐटीत म्हणाले. “ऐन थंडीतही थंड्या पान्यानं आंघोळ करते. लय काटक बाई आहे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आबेदाने माईक घेतला आणि हळूच म्हणाली, “मावशीनं सांगितलं, कडक. अंग लाल झालं पाहिजे इतकं.”

पुन्हा हशा पिकला. नत्थुजीही हसले, पण त्यांना ते कळलं नव्हतं. ते बायकोकडे वळले. त्यांना वाटलं आपण दोघांतच बोलतोय, पण माईक जवळ होता.

“मंग थंड्यानं काहून करते तू?”

मैनाबाईंनी पदर सावरला. तक्रारीचा सूरही नव्हता त्यांच्या बोलण्यात. “जे उरते त्यानंच करतो ना, बाबा.”

हशा थांबला. माईकचा तो भोंगा, ज्याला मी रोज शिव्या घालायचो, त्याने ते वाक्य शेवटच्या तंबूपर्यंत पोहोचवलं. बायकांच्या रांगेत तर कोणी हललंही नाही. नत्थुजी खाली बसले. समोरचं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत माझ्यासमोर कोणीतरी येऊन उभं राहिलं. डोक्याला मफलर, काखेत पऱ्हाटीचा भारा. मला वाटलं आबेदा. होते नत्थुजी.

मित्रांनो, या माणसाने आयुष्यभर वावर नांगरलं होतं, कपाशी पेरली होती, आभाळ बघून पाऊस सांगितला होता. पण गरम पाणी त्यांच्यासमोर नेहमी बादलीतच आलेलं. ते कुठून येतं, हे बघायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. त्यांनी मोठ्या निश्चयाने माझ्या नळ्यात पऱ्हाटी भरली, काडी ओढली, आणि जाळ केला. पाणी भरलंच नाही.

मी पूर्ण रिकामा होतो. तांबं तापायला लागलं, सांधे ताणायला लागले. इनायतुल्ला चाचांनी भरलेला डाख आता सुटतो की काय, असं झालं. मी ओरडू शकत नाही. मी फक्त टिक्‌ टिक्‌ वाजू शकतो, आणि नत्थुजींना वाटलं, बंब असाच वाजत असेल. ते समाधानाने हात शेकत उभे राहिले.

तंबूत मैनाबाई जाग्या होत्या. त्यांना काडी ओढल्याचा आवाज आला, पऱ्हाटी तडतडल्याचा आला. पाणी ओतल्याचा आला नव्हता. त्या ताडकन उठायला लागल्या. चंदाने त्यांचा हात धरला.

“उठाचं नाही, माय. जे सांगाचं ते येथूनच सांग.”

“अवं, बंब जयते ना तो.”

“मंग सांग.”

आणि मग तंबूच्या कापडातून मैनाबाईंचा आवाज आला. “बाबा, पानी टाकलं काय त्यात?”

नत्थुजी दचकले. माझं झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. घाईघाईने त्यांनी थंड पाण्याची बादली उचलली.

“थांबा, पानी नका टाकू आता,” मैनाबाई आतूनच ओरडल्या. त्यांना दिसत काही नव्हतं, पण नवरा पुढे काय करेल ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. “तापल्यावर थंडं टाकलं तर फाटन. आधी जाळ भाईर ओढा.”

“कायनं ओढू?”

“चिमटा असंन तिथंच,” शेजारच्या तंबूतून माधवीचा आवाज आला. “काल मी पाहिला होता, दगडामागे.”

“राखेचं भांडं खालून काढा, काका,” पलीकडच्या तंबूतून कोणी बाई म्हणाली. मग आणखी एक तंबू बोलायला लागला, मग आणखी एक. सगळ्या जणी पांघरुणात होत्या, एकही बाहेर आली नव्हती, आणि सगळ्या मिळून त्या एका माणसाकडून बंब पेटवून घेत होत्या. खेटून लावलेल्या तंबूंचा असाही उपयोग होतो, हे मला तेव्हा कळलं.

आबेदा धावत आली. तिने चिमट्याला हात घातला, तर नत्थुजींनी तो सोडला नाही. “तू सांग पोरी. करतो मीच.”

त्यांनी निखारे बाहेर ओढले. हात थोडा पोळला, तो त्यांनी मफलरला पुसला. मी निवेपर्यंत ते थांबले. मग पाणी भरलं, काठोकाठ, आणि परत जाळ केला. या वेळी मी जीव लावून तापलो. माझा एक सांधा त्या सकाळी सैल झाला तो झालाच, तोटीच्या बुडाशी अजून थेंब गळतो. आबेदा त्याच्याखाली वाटी ठेवते. मला त्याचं काही दुःख नाही.

तोवर रांग लागली होती. बादल्या, टॉवेल, पेस्टचा फेस आलेली तोंडं. नत्थुजींनी पहिली बादली भरली, वाफाळती, आणि दोन्ही हातांनी धरून न्हाणीघरात नेऊन ठेवली. मग तंबूपाशी जाऊन म्हणाले, “चाल.”

मैनाबाई बाहेर आल्या. रांग बघून त्या जागीच थबकल्या. माधवीचं लेकरू आजही कुडकुडत होतं. “अहो, लेकरू आहे, लोकं खोयंबले आहेत, आधी त्यायचं—”

“खोयंबू दे,” नत्थुजी म्हणाले. 

मैनाबाईंनी माधवीकडे पाहिलं. माधवीने लेकराला शालीत गुंडाळलं आणि मान हलवली, “जा मावशी. आम्हाला घाई नाही.”

त्या आत गेल्या. पत्र्याचं दार लागलं. पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग एक मोठा श्वास. मग बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज. बाहेर एका गृहस्थाने घड्याळ पाहिलं आणि नत्थुजींना विचारलं, “आजोबा, अजून किती वेळ?”

“तिचं होईपर्यंत,” नत्थुजी म्हणाले, आणि वाकून माझ्यात अजून पऱ्हाटी सारली. चंदा पाठ फिरवून दरीकडे बघत उभी होती. ती रडत होती आणि ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं.

मग दार इतकंसं उघडलं. आतून एक हात बाहेर आला. त्या हातात रिकामी बादली होती आणि बोटं तिच्या कडीभोवती पूर्ण वळलेली होती.

“अजून एक बादली भेटन काय?” मैनाबाईंनी विचारलं.

मित्रांनो, मी किती घरांत तापलो, किती जणांना आंघोळी घातल्या, पण पेटवणाऱ्या बाईने दुसरी बादली मागितल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नत्थुजी ती भरत होते तेव्हा माझ्या तोटीला धार आवरत नव्हती.

मी आता जुना झालो आहे. मला घासा, पाणी भरल्याशिवाय जाळ करू नका, गळायला लागलो तर लगेच मोडीत काढू नका, एवढं मागणं मी मागतोच. पण माझ्याआधी तुमच्या घराकडे बघा. तुमच्याकडे गिझर असेल, सोलर असेल, गॅसवरचं पातेलं असेल. शेवटचं पाणी कोणाच्या वाट्याला येतं ते बघा. तिला विचारलंत तर ती म्हणेल, मला थंडच चालतं. तिचं ऐकू नका. उद्या तिच्याआधी उठा, पहिली बादली तिच्यासाठी भरा आणि दाराशी उभे राहा. आणि तिने आतून अजून एक मागितली, तर कशाला म्हणून विचारू नका. आणून द्या.